निवासी उन्हाळी शिबिराला मूल पाठवण्यापूर्वी: पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परीक्षा संपत आल्या की शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात आणि त्यापाठोपाठ पालकांचे प्रश्नही. येथील उत्तरे सह्याद्रीच्या कुशीत, कोकणात किंवा एखाद्या धरणाकाठी एप्रिल-मे महिन्यांत होणाऱ्या, चार ते आठ दिवसांच्या निवासी शिबिरांविषयी आहेत. सकाळी जाऊन दुपारी घरी परतायच्या छंदवर्गांना त्यांतील बरीचशी लागू पडणार नाहीत.

मूल किती वर्षांचे झाल्यावर त्याला एकटे पाठवावे?

बहुतेक आयोजक आठ वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना घेतात आणि ही मर्यादा साधारणपणे योग्य आहे. तरीही वयाच्या आकड्यापेक्षा मुलाला काय येते, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. स्वतःची आंघोळ स्वतः करणे, ओले कपडे वाळत घालणे, रात्री जाग आली तर न घाबरता कोणाला तरी उठवून स्वच्छतागृहात जाणे आणि "माझे पोट दुखते आहे" असे अनोळखी ताईला किंवा दादाला स्पष्ट सांगणे, एवढे जमत असेल तर मूल तयार आहे असे समजावे. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण न बोलणारे मूल आजारी आहे हे शिबिरात कित्येकदा दुसऱ्या दिवशी लक्षात येते. ज्या मुलाने आजोळी किंवा आत्याकडेही आई-वडिलांशिवाय कधी रात्र काढलेली नाही, त्याला आधी तेथे दोन-तीन दिवस राहू द्यावे. पहिले शिबिरही लहानच निवडावे.

जाहिरातीतील उपक्रमांची यादी पाहून शिबिर निवडता येते का?

येत नाही. पाच दिवसांत नेमबाजी, घोडेस्वारी, रॅपलिंग (दोराने कडा उतरणे), तारांगण, मातीकाम, लाठीकाठी, कराटे आणि आणखी डझनभर गोष्टी मोजून दाखवणारे पत्रक प्रत्यक्षात एवढेच सांगत असते की प्रत्येक गोष्ट मुलाच्या वाट्याला पाच-दहा मिनिटे येईल आणि उरलेला वेळ रांगेत जाईल. यादीऐवजी पूर्ण दिवसाचे वेळापत्रक मागावे आणि त्यातील मोकळ्या जागांवर बोट ठेवावे. दुपारी एक ते चार या वेळेत मुले कोठे असतात? रात्री साडेनऊला दिवे मालवल्यापासून सकाळी सहापर्यंत त्यांच्याजवळ कोण असते? शिबिरांत होणारे अपघात, भांडणे, रडारडी आणि त्याहून गंभीर प्रकार बहुधा याच वेळांत घडतात. दोरावर मूल लटकलेले असताना चार प्रौढांचे डोळे त्याच्यावर असतात. दुपारच्या झोपेच्या वेळी मात्र एखादा कंटाळलेला स्वयंसेवक ओसरीत मोबाइल पाहत बसलेला असू शकतो.

म्हणून आयोजकाला नेमके प्रश्न विचारावेत. मुली आणि मुलगे वेगळ्या खोल्यांत किंवा तंबूंत झोपतात का? मुलींच्या निवासालगत स्त्री प्रशिक्षक मुक्कामाला असतात, की त्या संध्याकाळी घरी जातात? स्वच्छतागृह निवासापासून किती पावलांवर आहे आणि त्या वाटेवर रात्रभर दिवा असतो का? प्रशिक्षकांतील प्रौढ किती आणि मागच्या वर्षीपर्यंत स्वतःच शिबिरार्थी असलेले सोळा-सतरा वर्षांचे मदतनीस किती? हे मदतनीस उत्साही आणि उपयोगी असतात, पण प्रौढांच्या संख्येत त्यांना धरू नये. लहान गटासाठी दहा मुलांमागे एक जबाबदार प्रौढ हे प्रमाण मी कमीत कमी मानतो. या प्रश्नांनी चांगला आयोजक दुखावत नाही. उलट त्याची उत्तरे तयार असतात. "तुम्ही काळजीच करू नका" एवढेच उत्तर जेथे मिळते, तेथे काळजी करावी.

सरकारी नोंदणी आवश्यक असते का? ती कशी पाहावी?

महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यानुसार जमिनीवरील, पाण्यातील आणि हवेतील साहसी उपक्रम घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. शिबिरात गिर्यारोहण, रॅपलिंग, व्हॅली क्रॉसिंग (दोराला लटकून दरी ओलांडणे), कयाकिंग (छोटी नाव वल्हवणे) असे काही असेल तर प्रमाणपत्राची प्रत निःसंकोच मागावी आणि त्यावर संस्थेचे नाव, मुदत व मुख्य म्हणजे उपक्रमांची नावे वाचावीत. पदभ्रमणासाठी नोंदणी असलेल्या संस्थेने धरणात नावा चालवल्या तर त्या प्रमाणपत्राचा तुम्हाला उपयोग नाही. पुष्कळदा शिबिर एक संस्था भरवते, साहसी खेळ दुसरी घेते आणि जागा तिसऱ्याच कोणाच्या मालकीची असते. अशा वेळी मुलांची जबाबदारी लेखी स्वरूपात कोणाकडे आहे, हे पैसे भरण्यापूर्वी स्पष्ट करून घ्यावे. नाट्य, चित्रकला किंवा संस्कृत संभाषणाच्या शिबिरांना हे धोरण लागू होत नाही. तेथे पालकांची स्वतःची चौकशीच कामी येते.

रॅपलिंग किंवा व्हॅली क्रॉसिंग सुरक्षित असते का?

नीट घेतले तर असते, आणि नीट घेतले जात आहे की नाही हे गिर्यारोहक नसलेल्या पालकालाही थोडेफार ओळखता येते. मागील शिबिराची छायाचित्रे बारकाईने पाहावीत. मूल ज्या दोरावरून उतरते त्याखेरीज त्याच्या कमरेला दुसरा, सुरक्षेचा दोर बांधलेला दिसला पाहिजे आणि तो वरून बिले देणाऱ्या, म्हणजे दोर धरून मुलाला सांभाळणाऱ्या, माणसाच्या ताब्यात असला पाहिजे. डोक्यावर हेल्मेट हवे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली बसलेला हवा. हार्नेस, म्हणजे कमरेला व मांड्यांना बांधायचा पट्टा, मुलाच्या मापाचा हवा, कारण मोठ्यांचा हार्नेस आवळूनही बारीक अंगाच्या मुलाच्या कमरेवरून घसरू शकतो. मोकळे केस, ओढणी किंवा बाहेर लोंबणारा सदरा डिसेंडरमध्ये (ज्यातून दोर सरकतो त्या उतरण्याच्या साधनात) ओढला जातो आणि मूल कड्याच्या मध्यावर अडकते. म्हणून केस बांधून हेल्मेटखाली घेणे आणि सदरा खोचणे हा नियम तेथे पाळला जातो का, हेही छायाचित्रांवरून कळते.

याविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. कड्याच्या टोकाशी येऊन मूल मागे फिरले, तर त्याला फिरू द्यावे. "भित्रा" म्हणून टाळ्या पिटणाऱ्या घोळक्यासमोर त्याला खाली ढकलणे म्हणजे धाडस शिकवणे, अशी समजूत काही प्रशिक्षकांची असते आणि दुर्दैवाने काही पालकांचीही. नकार देण्याची मोकळीक आहे का, हा प्रश्न नोंदणीच्या वेळीच विचारावा.

आमच्या मुलाला पोहता येते. मग समुद्र किंवा धरणाची भीती का बाळगावी?

तरणतलावाला कठडा असतो, तळ दिसतो आणि पाणी वाहत नाही. समुद्रात ओहोटीची ओढ असते. धरणाच्या फुगवट्यात काठाजवळच अचानक खोली आणि तळाशी पाय रुतवणारा गाळ असतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले, ती तर वयाने मोठी मुले होती. शिबिरात पाण्यातील उपक्रम असेल तर पोहता येणाऱ्या मुलासह प्रत्येकाच्या अंगात बंद लावलेले लाइफ जॅकेट असावे, भरती-ओहोटीच्या वेळा जाणणारा स्थानिक माणूस सोबत असावा आणि पाण्यात उतरताना व बाहेर आल्यावर मुलांची मोजणी व्हावी. कार्यक्रमपत्रिकेत पाणी नसेल, तर "वेळापत्रकाबाहेर मुलांना नदी, धरण किंवा समुद्रात नेऊ नये" असे एक वाक्य संमतीपत्रावर स्वतःच्या हाताने लिहावे. वाटेत दिसला ओढा म्हणून उतरवली मुले, हा प्रकार शिबिरापेक्षा परतीच्या प्रवासात अधिक होतो.

एवढ्या उन्हात शिबिर घेणे योग्य आहे का?

शाळांना सुट्टी याच काळात असते, त्यामुळे पर्याय फारसा नाही; मात्र ठिकाण आणि वेळापत्रक उन्हाला धरून हवे. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांवर, किनारपट्टीवर ३७ अंशांवर गेले आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून अधिक असले, की हवामान विभाग उष्णतेची लाट मानतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणे नेहमीचेच आहे, तेव्हा तेथील मुलांना घाटमाथ्यावर पाठवण्यात शहाणपण आहे. कोठेही असो, सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत मैदानावरील किंवा गडावरील उपक्रम नसावा. पाण्याची सोय विचारताना पिण्याचे पाणी कोठून येते आणि ते शुद्ध कसे केले जाते, हेही विचारावे. बाटलीत साध्या पाण्याबरोबर ओआरएसची पाकिटे द्यावीत आणि पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच, म्हणजे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच, मिसळायचे असते, हे मुलाला करून दाखवावे. अर्ध्या बाटलीत पाकीट ओतून चवीने पिणारी मुले नेहमीच भेटतात.

मे महिन्यातील दुसरा धोका वळवाच्या पावसाचा. दुपारनंतर ढग दाटून आले की विजा पडतात आणि उघडा माळ, गडाचा माथा व एकटे झाड या तिन्ही जागा त्या वेळी टाळायच्या असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे ॲप परिसरातील विजांची सूचना देते. ते शिबिरप्रमुखाच्या मोबाइलवर असावे.

साप, विंचू आणि मधमाश्या यांचे काय?

महाराष्ट्रात माणसाच्या जिवावर बेतणारे दंश प्रामुख्याने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे असतात. यांतील मण्यार रात्री फिरणारी असून जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावते, आणि तिचा दंश इतका बारीक असतो की खूण सापडत नाही, वेदनाही फारशी होत नाही. पहाटे मुलाच्या पापण्या जड होणे, बोलणे अडखळणे किंवा पोटात दुखणे एवढीच लक्षणे दिसतात. त्यामुळे मुले कोठे झोपतात हा प्रश्न सोयीचा नसून जिवाचा आहे. खाट असल्यास उत्तम. नसल्यास चेनबंद तंबू किंवा गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हवी.

साप चावल्यास चिरा देणे, रक्त ओढणे, आवळून बांधणे किंवा मांत्रिकाकडे नेणे यांपैकी काहीही करू नये. मुलाला चालू न देता, चावलेला अवयव न हलवता थेट रुग्णालयात न्यावे. प्रतिविष सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळते. मात्र प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ते त्या क्षणी उपलब्ध असेलच असे गृहीत धरता येत नाही. चांगल्या आयोजकाने शिबिरापूर्वी स्वतः जाऊन खात्री केलेली असते. जवळचे रुग्णालय कोणते, तेथे पोचायला किती मिनिटे लागतात आणि रात्री दोन वाजता शिबिराच्या जागी चालकासह वाहन उभे असते का, हे तीन प्रश्न विचारावेत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहेच, पण घाटातील वाडीपर्यंत ती येईतो जो वेळ जातो तो स्वतःच्या वाहनाने वाचतो.

कोकणातील लाल विंचवाचा दंश लहान मुलांसाठी विशेष घातक असतो. भरपूर घाम, उलट्या आणि गार पडलेले हातपाय ही त्याची लक्षणे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केल्यापासून या दंशाने होणारे मृत्यू खूप कमी झाले आहेत. तरीही रुग्णालय गाठण्यात उशीर परवडत नाही. सकाळी बूट झटकून मगच पाय घालणे, ही सवय घरीच लावून पाठवावी.

गडांच्या कड्यांवर आग्या मोहोळ असते. धूर, दगड आणि उग्र अत्तर यांनी ते उठते. सामानात सुगंधी फवारा नको, असे आयोजक सांगतात त्यामागे हेच कारण आहे. पूर्वी मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून मुलाचा चेहरा सुजला असेल किंवा श्वास लागला असेल, तर ते आयोजकाला लेखी कळवावे.

आरोग्याच्या अर्जात सगळेच लिहिले तर मुलाला नाकारतील, अशी भीती वाटते.

ही भीती समजण्यासारखी आहे, पण लपवलेल्या माहितीचा भार शेवटी मुलावरच पडतो. दमा, फिट येणे, हृदयाचा आजार, मधुमेह, कोणत्या औषधाची किंवा अन्नाची ॲलर्जी, अलीकडील शस्त्रक्रिया, झोपेत चालण्याची सवय या सर्व गोष्टी लिहाव्यात. अंथरूण ओले होत असेल तर तेही लिहावे किंवा प्रमुख ताईंना खासगीत सांगावे. असे एखादे मूल जवळपास प्रत्येक तुकडीत असते. आधी माहीत असेल तर रात्री अकराला त्याला हळूच उठवून नेता येते आणि इतर मुलांना काही कळतही नाही. माहीत नसेल तर सकाळी सगळ्यांसमोर प्रकार उघड होतो आणि ते मूल पुन्हा कधी शिबिराचे नाव काढत नाही.

रोजची औषधे मूळ वेष्टनातच द्यावीत, मात्रा व वेळ मराठीत मोठ्या अक्षरांत लिहावी आणि ती प्रशिक्षकांच्या हाती सोपवावीत. दम्याचा पंप मात्र मुलाच्याच खिशात असावा. धनुर्वाताची लस वयाच्या दहाव्या आणि सोळाव्या वर्षी द्यायची असते. ती राहिली असल्यास जाण्याआधी घ्यावी.

शिबिरात मासिक पाळी आली तर?

दहा-अकरा वर्षांच्या मुलीला पाळी सुरू झालेली नसली तरी तिच्याशी आधी बोलावे आणि सॅकमध्ये पॅडचे एक पाकीट, जुने वर्तमानपत्र व गडद रंगाची जादा पँट ठेवावी. वापरलेली पॅड टाकण्यासाठी झाकणाचा डबा असतो का, हे आयोजकांना विचारायला संकोचू नये. पाळीच्या दिवसांत कोणता उपक्रम करायचा आणि कोणता नाही, हे त्या मुलीने ठरवायचे असते.

जेवणाचे काय? खाऊ द्यावा का?

बहुतेक शिबिरांत सकाळी पोहे किंवा उपमा, दोन्ही वेळा वरण-भात, पोळी आणि उसळ किंवा भाजी असते, आणि घरी भाजीकडे न पाहणारी मुले तेथे भुकेपोटी सगळे खातात. जैन जेवण किंवा उपवास असल्यास आधी कळवावे. खाऊचे डबे देऊ नयेत, कारण सॅकमधील लाडवांवर आधी मुंग्या येतात आणि मग उंदीर. उंदरामागे साप येतो, हे सांगायला नको.

रोज फोनवर बोलता येईल का? मूल रडले तर न्यायला यावे का?

बहुतेक चांगल्या शिबिरांत मुलांना मोबाइल ठेवू देत नाहीत आणि मी या नियमाच्या बाजूचा आहे. घरची आठवण दिवसा फारशी येत नाही; ती दिवेलागणीला आणि अंथरुणावर पडल्यावर दाटून येते. नेमक्या त्याच वेळी आईचा आवाज ऐकला की शांत झालेले मूलही पुन्हा हुंदके देऊ लागते, आणि त्याचे ऐकून शेजारची दोघे. पहिल्या आणि दुसऱ्या रात्री रडणे स्वाभाविक आहे. तिसऱ्या दिवसापर्यंत बहुतेक मुले रमतात.

निघण्यापूर्वी "नाही आवडले तर लगेच न्यायला येईन" असे वचन देऊ नये, कारण मग मूल पहिल्या तासापासून परतीची वाट पाहू लागते. "तुझ्याशिवाय घर कसे सुने सुने होईल" हेही त्याच्यासमोर बोलू नये. मात्र आयोजकाने दिवसातून एकदा गटावर खुशालीचा संदेश पाठवावा आणि गंभीर प्रसंगी पालकाला थेट संपर्क करता यावा, ही अपेक्षा रास्त आहे. सलग दोन दिवस मूल जेवत नसेल, झोपत नसेल किंवा एखाद्या विशिष्ट व्यक्तीजवळ जायला घाबरत असेल तर ती घरची आठवण नव्हे. अशा वेळी जाऊन भेटावे आणि गरज वाटल्यास घेऊन यावे.

लैंगिक गैरवर्तनापासून मुलाचे संरक्षण कसे करावे?

हा प्रश्न पालक आडून आडून विचारतात. तो सरळ विचारावा. प्रशिक्षकांची पार्श्वभूमी कशी तपासली जाते, एखादा प्रौढ एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत राहणार नाही असा नियम आहे का आणि स्वयंपाकी, चालक, छायाचित्रकार यांचा मुलांच्या निवासात वावर असतो का, हे जाणून घ्यावे. मुलगे सुरक्षितच असतात, ही समजूत चुकीची आहे. मोठ्या मुलांकडून लहानांना होणारा त्रासही याच सदरात येतो, म्हणून आठ आणि पंधरा वर्षांची मुले एका खोलीत झोपवणारे शिबिर टाळावे.

मुलाला एवढे समजावून सांगावे की नको वाटणारा स्पर्श कोणाचाही असला तरी मोठ्याने नाही म्हणायचे, तेथून निघायचे आणि सांगायचे. आणि "घरी सांगू नकोस" असे जो म्हणेल त्याचे तर नक्कीच सांगायचे. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक त्याला पाठ असावा. बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायदा, २०१२ अनुसार असा गुन्हा घडल्याचे समजल्यावर पोलिसांना कळवणे हे बंधनकारक आहे. "संस्थेचे नाव खराब होईल, आपण आपसांत मिटवू" असे सांगणारा आयोजक स्वतःच कायदा मोडत असतो.

सामान कोणते द्यावे?

जे उचलून मुलाला स्वतः पंधरा मिनिटे चालता येईल, एवढेच. सॅक मुलाने स्वतः भरावी, आईने फक्त पाहावे. आईने भरलेल्या सॅकमधील टॉवेल कोठे आहे हे मुलाला चार दिवस सापडत नाही. बूट वापरातले असावेत, कारण नवे बूट पहिल्याच चढणीला टाचा सोलतात. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, टोपी, विजेरी व जादा सेल, शिट्टी, दोन पाण्याच्या बाटल्या आणि ओले कपडे ठेवायला पिशवी द्यावी. प्रत्येक वस्तूवर नाव घालावे. दागिने, महागडे घड्याळ आणि फार पैसे देऊ नयेत.

शुल्कात एवढा फरक का असतो?

निवासाची प्रत, प्रशिक्षकांची संख्या आणि प्रवास यांवर शुल्क ठरते. कमी शुल्क म्हणजे निकृष्ट असे नाही. राष्ट्र सेवा दलासारख्या १९४१ पासून काम करणाऱ्या संघटनांची शिबिरे कार्यकर्त्यांच्या बळावर स्वस्तात होत आली आहेत. अपघात विमा शुल्कात धरला आहे का आणि नाव मागे घेतल्यास किती रक्कम परत मिळेल, हे मात्र लेखी घ्यावे.

शिबिराहून परतल्यावर काय पाहावे?

पहिल्या दिवशी प्रश्नांची सरबत्ती करू नये. मुले झोपतात आणि मग दोन दिवसांनी जेवताना आपोआप बोलू लागतात. "मजा आली का?" याला "हो" एवढेच उत्तर मिळते, त्यापेक्षा "रात्री तुझ्या शेजारी कोण झोपायचे?" असे विचारले तर पुष्कळ कळते. आंघोळीच्या वेळी काखा, मांड्यांचे सांधे, कानांमागील भाग आणि केसांची मुळे पाहून गोचीड चिकटलेली नाही ना, याची खात्री करावी. सिंधुदुर्गातील दोडामार्ग आणि गोव्यातील सत्तरी या भागांत गोचिडांमुळे पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत, आणि त्याचा हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालतो. परतल्यानंतर आठवडा-दहा दिवसांत जोराचा ताप आणि अंगदुखी सुरू झाली तर ती दगदग समजून अंगावर काढू नये, आणि मूल कोणत्या गावात, कोणत्या रानात राहून आले हे डॉक्टरांना न विचारताही सांगावे.